स्वस्त देश कोणता? पावण्यातल्या एका घराचा हिशेब

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि माणसे पांगू लागली. तेवढ्यात एक तरुण आपल्या आईला घेऊन माझ्यापाशी येऊन बसला. मुलगा आयटीआय झालेला, वेल्डर. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीन वर्षे ठेकेदाराकडे आहे. अकरा महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवे कार्ड. त्याच्या हातात वहीचे फाडलेले पान होते आणि पानावर एकाखाली एक नावे : दुबई, सौदी, कुवेत, इस्रायल, थायलंड, जपान, जर्मनी.

"काका, यातला राहायला स्वस्त देश कोणता, तेवढे सांगा. एजंट म्हणतो लवकर ठरव. दीड लाख भरायचे आहेत."

आई काही बोलली नाही. तिची बोटे गळ्यातल्या पोतीवर फिरत होती. दीड लाख कुठून येणार हे न विचारता कळले. थोडे सोने गहाण आणि बाकीचे शेकडा तीनने.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. तुर्भे स्टोअरपासून महापेपर्यंत विजेच्या खांबांवर परदेशी नोकरीची पत्रके दिसतात. कायम नोकरीची आशा संपली, मुले शिकली, खोलीचे भाडे वाढले, तेव्हा तरुणाने बाहेर पाहायचे नाही तर काय करायचे? बाहेर जाऊ नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही. ज्यांच्या महामानवाने स्वतः सातासमुद्रापार जाऊन ज्ञान आणले, त्या समाजाला समुद्र ओलांडू नका असे कोण सांगणार? पण प्रश्न नीट विचारला पाहिजे. "स्वस्त देश कोणता" हा प्रश्न अर्धाच आहे.

आपल्या आईबापांनीही एकदा हाच प्रश्न सोडवला होता. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, साताऱ्याकडची आपली माणसे पोटासाठी मुंबईकडे आली. मुंबईत खोलीची पागडी ऐकून डोळे पांढरे व्हायचे. इकडे ठाणे-बेलापूर रस्त्याला साठच्या दशकापासून टीटीसीची औद्योगिक वसाहत उभी राहत होती. आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी तिच्यात गेल्या होत्या. अनेकांनी दादर-परळ सोडून इकडचा रस्ता धरला तो काही खाडीचा वारा आवडला म्हणून नव्हे. इथे कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता, झोपडीचे भाडे कमी होते, आधी आलेला मामा किंवा चुलता होता, आणि नाहीच जमले तर एसटीच्या भाड्यात गावी परतता येत होते. निरक्षर माणसांनी केलेला तो हिशेब आजच्या पत्रकांपेक्षा शहाणा होता. तिथे मिळणार किती, खर्च किती, जाण्यासाठी कर्ज किती, ओळखीचे कोण आणि परत येण्याची वाट कोणती, हे सगळे त्यात होते. मुलाच्या कागदावर यातले फक्त एक होते, खर्च.

मी त्याला म्हटले, वही काढ. आपण दुबईच धरू.

समजा, वेल्डरला महिना १,५०० दिऱ्हाम कबूल केले आहेत. राहणे कंपनीच्या खोलीत. दिऱ्हामचा भाव वरखाली होतो, आपण हिशेबापुरते २४ रुपये धरू. म्हणजे ३६,००० रुपये. जेवण, फोन, साबण, दाढी, कधी औषधपाणी यासाठी ५०० दिऱ्हाम ठेवले तर हातात १,००० दिऱ्हाम, म्हणजे २४,००० रुपये. ते सगळे तो घरी पाठवतो. घरी आईला भाडे, किराणा, बहिणीची फी धरून १२,००० लागतात. उरले १२,०००. इथपर्यंत मुलाचा चेहरा फुललेला होता.

आता दीड लाखाचे कर्ज. शेकडा तीनने पहिल्या महिन्याचे व्याजच ४,५००. बारा हजार हप्ता दिला तर मुद्दलातून सुटले साडेसात हजार. असे करत करत कर्ज फिटायला सोळा महिने लागतात. करार दोन वर्षांचा. राहिले आठ महिने. आठ महिन्यांचे बारा-बारा हजार धरले तर दोन वर्षांनी घराच्या गाठीला लाखाला थोडे कमी. चोवीस महिन्यांत वाटले तर महिना चार हजार. एवढे तर पावण्यात ओव्हरटाइम करूनही मागे पडले असते, आणि तो आईच्या हातचे जेवला असता.

आता हाच देश, हाच पगार, हाच मालक, पण एजंटाला कायद्याने ठरलेलीच रक्कम दिली असती तर? परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. एकूण ३५,४००. तेही पावती देऊन. एवढेच कर्ज त्याच व्याजाने काढले तर सव्वातीन महिन्यांच्या आत फिटते. उरलेल्या वीस-एकवीस महिन्यांत अडीच लाख रुपये मागे पडतात.

एक लाख आणि अडीच लाख. दुबईत डाळ-तांदळाचा भाव दोन्ही हिशेबांत तोच होता. देश महाग झाला तो पावण्यातच, विमानात बसण्यापूर्वी.

तथागतांनी अनाथपिंडकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. धन मिळवण्याचे, त्याचा उपभोग घेण्याचे, कोणाचे ऋण नसण्याचे आणि निर्दोष वर्तनाचे. कर्ज नसणे हे सुख म्हणून वेगळे मोजणारा शास्ता आपल्याला लाभला आहे. कर्ज काढून पहिले सुख शोधायला निघालेल्याने तिसऱ्याकडे एकदा पाहून घ्यावे.

आता कागदांविषयी, कारण आपली माणसे बहुधा तिथेच अडतात. परदेशी नोकरीचा आपला मूळ कायदा १९८३ चा. त्यानुसार दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असा शेरा असतो. असा पासपोर्ट घेऊन सौदी, कुवेत, यूएई, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया अशा अठरा देशांत नोकरीला जायचे तर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुंबईत हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. मंजुरीच्या वेळी नोकरीचा करार पाहिला जातो आणि प्रवासी भारतीय बिमा योजनेचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाखांचे संरक्षण. पावणेतीनशे रुपयांत एवढी सोय असताना काही एजंट माणसाला व्हिजिट व्हिसावर पाठवतात, म्हणजे मंजुरी नाही, करार नाही आणि विमाही नाही.

दहावी झालेल्या मुलांना ही मंजुरी लागत नाही. आपल्या मुलांना त्याचा आनंद होतो. पण मंजुरी लागत नाही म्हणजे करार तपासणाराही कोणी नाही. तो आपणच तपासायचा. एजंटाचा परवाना क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतो. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा विनाशुल्क क्रमांक आहे. करार आपल्याला समजेल अशा भाषेत वाचून घ्या. मूळ पगार किती, जेवण कोणाचे, ओव्हरटाइम कसा, परतीचे तिकीट कोण काढणार, हे कागदावर हवे. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मालकाला मनाई आहे. पासपोर्ट काढून घेणे यूएई, सौदी आणि कतारमध्ये बेकायदा आहे, तरी तो काढून घेणारे भेटतात. म्हणून त्याची प्रत घरी आईच्या ट्रंकेत राहू द्या.

बाबासाहेबांनीही परदेशी जाण्यापूर्वी करारावर सही केली होती. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी. काय मिळणार आणि काय द्यावे लागणार, हे निघण्यापूर्वी लिहिलेले होते.

मुलाची पुढची शंका सरळ होती. "दोन वर्षांनी लग्न केले तर बायकोला नेता येईल ना?"

इथे पत्रकांतली खरी गोम आहे. यूएईत कुटुंब न्यायचे तर पगार किमान ४,००० दिऱ्हाम हवा, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय. दीड हजारावर गेलेला वेल्डर त्यात बसत नाही. सौदीत २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे शुल्क घेतले जाते. सुरुवातीला महिना १०० रियाल होते, २०२० पासून ४०० रियाल. पत्नी आणि दोन मुले असतील तर वर्षाला १४,४०० रियाल. रियालही २४ रुपयांना धरा. साडेतीन लाख रुपये वर्षाला, आणि हे घरभाड्यापूर्वी, शाळेच्या फीपूर्वी. सौदीत पेट्रोल स्वस्त आहे हे खरे, पण आपली माणसे पेट्रोल खात नाहीत.

तेव्हा बहुतेक कामगारांच्या बाबतीत "त्या देशात राहणे" असे काही नसतेच. तिथे राहतो तो एकटा, आठ-दहा जणांच्या खोलीत, आणि घर चालते ते पावण्यात. दोन चुली पेटतात. दुसरी चूल सांभाळणाऱ्या बाईचा हिशेब पत्रकात कधी छापत नाहीत. रात्री पोराला ताप आला तर रिक्षा कोण आणणार, सासूसासऱ्यांचे दवाखाने कोण करणार, पैसा नवऱ्याच्या खात्यावर येणार की तिच्या, घराचे भाडेपत्र कोणाच्या नावावर? भगिनींनो, नवरा निघण्यापूर्वी बँकेत आपल्या नावाचे खाते उघडा आणि दरमहा किती रक्कम त्यात येईल ते बोलून घ्या. हे मागण्यात संकोच नको.

१९२० साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला दुसऱ्यांदा लंडनला निघाले, तेव्हा माता रमाई मुलाबाळांसह परळच्या बीआयटी चाळीत मागे राहिल्या. त्या चाळीतल्या दिवसांनी रमाईंकडून काय घेतले हे आपल्या घराघरांत माहीत आहे. लंडन तेव्हाही महागच होते. १०, किंग हेन्रीज रोड या ज्या घरात ते राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, म्हणून आज आपण त्याचे छायाचित्र भिंतीवर लावतो. त्या काळात त्यांनी पोटाला चिमटा घेऊन दिवस काढले आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून अभ्यास केला. पण लंडनला निघण्यापूर्वी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला होता. मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले होते, राजर्षी शाहू महाराजांची मदत होती. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा अभ्यास अर्धा टाकून ते परत आले होते. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी मात्र खिशात होती. अर्ध्यावरून परत येण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. आपली काही मुले तिथे पगार थकला तरी "लोक काय म्हणतील" म्हणून परत येत नाहीत.

आता त्या पानावरचे बाकीचे देश.

कुवेत. १९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केले तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना मायदेशी आणावे लागले. जुन्या वाचकांना रिकाम्या हातांनी परतलेली ती माणसे आठवत असतील. आणि १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले. एकेका खोलीत किती माणसे होती, जिना कुठे होता, हे त्यानंतर सगळे विचारू लागले. आपण आधी विचारू. राहण्याची सोय फुकट आहे म्हटले की खोलीचा फोटो मागवा. शक्य असेल तर तिथे आधीपासून असलेल्या माणसाशी फोनवर बोला. ज्या खोलीतून बाहेर पडायला एकच वाट आहे ती फुकट मिळाली तरी महाग आहे. हे पावणेकरांना वेगळे सांगायला नको. रसायनांच्या कारखान्यांतल्या आगी आपण उंबऱ्यातून पाहिल्या आहेत.

इस्रायल. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला. त्यानंतर गवंडी, सळई बांधणारे, प्लास्टर आणि टाइल्सचे कारागीर यांची भरती झाली. पगार लाखाच्या वर आहे हे खरे. पण मार्च २०२४ मध्ये इस्रायलच्या उत्तर भागात क्षेपणास्त्र पडून केरळचा एक शेतमजूर ठार झाला. पगार कशाचा मिळतो हे जाणाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे. मी माझ्या मुलाला पाठवले नसते.

थायलंडचे नाव आले की आपल्या तरुणांचे डोळे चमकतात. बौद्ध देश, स्वस्त देश, विमानाचे तिकीटही हलके. भावना समजण्यासारखी आहे. धम्माच्या नात्याने आपण त्या देशांकडे पाहतो. बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेत कँडीला, १९५४ साली ब्रह्मदेशात रंगूनला आणि १९५६ साली नेपाळात काठमांडूला बौद्ध परिषदांना गेले होते. पण आज थायलंडच्या वाटेनेच फसवणूक होते. 'बँकॉकमध्ये कॉम्प्युटरवर डेटा एंट्री' म्हणून मुलांना नेतात आणि सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात कुंपणाच्या आत डांबून ऑनलाइन लुबाडणुकीचे काम करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. थायलंडमध्ये पर्यटक म्हणून सहज जाता येते, पण पर्यटकाला तिथे काम करायला बंदी आहे. पर्यटक म्हणून जा, मग तिथे कामाचे कागद करू, असे जो म्हणेल त्याच्या दारातून तसेच परत फिरा. दिवसभर लोकांना गंडा घालायचा ही सम्यक आजीविका नव्हे, हे तर आहेच.

जपानही बौद्ध परंपरेचा देश. तिथे म्हातारी माणसे वाढली, काम करणारे हात कमी पडले. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांसाठी करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया, यंत्रकाम अशी कामे आहेत. त्यासाठी जपानी भाषेची प्राथमिक परीक्षा आणि कामाची परीक्षा द्यावी लागते. किमान वेतनाची राष्ट्रीय सरासरी २०२४ साली ताशी १,०५५ येन होती, आणि जपानी माणसाइतकाच पगार देण्याचे बंधन आहे. घरभाडे मोठे, पण शहर निवडता येते. टोकियो सोडून लहान गावात गेले की भाडे बरेच उतरते. मात्र पहिल्या गटातल्या कामगाराला पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे आणि कुटुंब नेता येत नाही. लग्न ठरलेल्यांनी हे आधी मुलीच्या घरी सांगावे.

जर्मनीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या यादीत आपल्या मुलींना सर्वांत जास्त वाव मला तिथे दिसतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि दहा हजार तरुणांची गोष्ट निघाली. सरकारी योजना कधी चालते, कधी थांबते. तिची वाट पाहत बसू नये. जर्मनीत 'आउसबिल्डुंग' नावाची पद्धत आहे, म्हणजे शिकता शिकता पगार. आपल्या अप्रेंटिसशिपसारखीच, पण पोट भरेल अशी. सार्वजनिक रुग्णालयात नर्सिंग शिकणाऱ्याला पहिल्याच वर्षी, कपातीपूर्वी, महिना तेराशे युरोंहून अधिक मिळतात. तीन वर्षांनी पात्र परिचारिका. पदरात हवी ती बारावी आणि जर्मन भाषेची बी-१ किंवा बी-२ पातळी. खरा खर्च तिथे जाण्याचा नसून इथे बसून वर्षभर भाषा शिकण्याचा आहे. घरात जागा नसली तर ऐरोलीच्या बाबासाहेबांच्या स्मारकात ग्रंथालय आहे. बाबासाहेबांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव घातले होते, तेव्हा जर्मन त्यांनाही शिकावीच लागली होती.

मात्र 'जर्मनीत शिक्षण फुकट' ही पाटी जपून वाचा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही हे खरे. बाडेन-वुर्टेमबर्ग मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेते. शिवाय विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांना धरला तरी बारा लाखांच्या घरात. फी माफ, पण बारा लाख आधी हवेत, हे पावण्याच्या खोलीत राहणाऱ्याने आधी जाणून घ्यावे.

ज्यांची मुले पदवीला चांगली आहेत त्यांनी एजंटाकडे न जाता समाजकल्याण कार्यालयात जावे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १२५ जागांची आहे. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या, त्यामुळे केंद्राच्या नमुन्यातले जात प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा. केंद्राच्या शिष्यवृत्तीत फी आणि विमानभाड्याशिवाय ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड निर्वाह भत्ता मिळतो. आता तिथला खर्च पाहा. जानेवारी २०२५ पासून ब्रिटनच्या व्हिसासाठी लंडनमध्ये महिना १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड खर्च धरला जाऊ लागला, पुढे तो आणखी वाढला. भत्ता महिन्याला ८२५ पौंड पडतो. म्हणजे एकच शिष्यवृत्ती लंडनमध्ये फारच तोकडी पडते आणि दुसऱ्या शहरात त्यापेक्षा कमी तोकडी. वुल्व्हरहॅम्प्टनसारख्या शहरात आपल्या बांधवांचे बुद्धविहारही आहे. नवख्या मुलाला पहिल्या आठवड्यात गरम वरण-भात आणि 'जयभीम' ऐकायला मिळणे याची किंमत पौंडात काढता येत नाही.

आणि जात? ती विमानात बसत नाही असे समजू नका. मजुरांच्या खोलीत पहिल्या रात्री आडनाव विचारले जाते आणि गाव विचारून खात्री केली जाते. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसेच विधेयक परत पाठवले. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात जातीची तरतूद करण्याची वाट ठेवली होती, पण ती अमलात आली नाही. हे आपल्या मुलांना सांगून पाठवा, म्हणजे तिथे धक्का बसणार नाही. आखाती देशांत सभा, मिरवणूक परवानगीशिवाय चालत नाही, हेही सांगा. जयंतीच्या उत्साहात पोर अडकायला नको.

पुढच्या रविवारी माय-लेक परत आले. मुलाने एजंटाला परवाना क्रमांक आणि पावती मागितली होती. एजंट हसून म्हणाला होता, "आपल्यात विश्वास नाही का?"

"मी म्हटले, दादा," आई मला सांगत होती, "विश्वास असता तर पावती कशाला मागितली असती?"

पोत अजून तिच्या गळ्यातच होती. मुलाने वहीचे नवे पान काढले होते. आता देशांच्या नावांपुढे पाच रकाने होते आणि बरेचसे रिकामे होते. बुधवारी पाळी बदलून घेऊन तो विदेश भवनात जाणार आहे. एका नोंदणीकृत कंपनीचे ओमानचे काम आहे म्हणे. पगार दुबईपेक्षा थोडा कमी, पण तिकीट मालकाचे आणि तिथे त्यांच्या गावचा एक फिटर आधीपासून आहे. करार मिळाला की घेऊन या, आपण बसून वाचू, असे मी म्हटले.

या वेळी त्याची बहीण बरोबर आली होती. यंदा बारावीला आहे. सगळे बोलणे होईपर्यंत ती गप्प होती, चप्पल घालताना मागे वळली.

"काका, ती जर्मन भाषा शिकायला वर्षच लागते ना? मग मी परीक्षा झाल्या झाल्या सुरू केले तर?"

आईने मुलाच्या हातातली वही घेतली आणि मागचे कोरे पान उघडून तिच्या हातात दिले.